एक ते सातमध्ये सांगा

त्या माणसाने चार वर्षांत मला एकदाही नुसतं "कशा आहात?" असं विचारलं नाही. "कशा आहात, एक ते सातमध्ये सांगा," असंच विचारलं. सकाळी मी दारात पाऊल टाकायचा अवकाश, की हातात चहाचा कप, कपाळावर चढवलेला चष्मा आणि हा प्रश्न. पहिल्या आठवड्यात मी भाबडेपणाने खरं सांगायची. पाच, सर. आज तीनच, सर, पीजीत पाणी नव्हतं. मग कळलं की साहेब ते रोज कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात भरून ठेवतायत. त्या दिवसापासून मी चार धरलं ते चारच. वर्षअखेरीला त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि, "निपाणी, तुमची भावनिक स्थिरता असामान्य आहे," असं गंभीर चेहऱ्याने सांगितलं.

निपाणी म्हणजे मी. ते माझं गाव. या गृहस्थांना माणसाचं नाव लक्षात ठेवणं जमायचं नाही, गाव जमायचं. शिपाई हासन, टायपिस्ट तुमकूर, आणि सोलापूरच्या दोन मुली एकदमच लागल्या तेव्हा एक सोलापूर आणि दुसरी सोलापूर-दोन. स्वतः पुण्याचे. बंगळूरमध्ये चौदा वर्षं काढून कन्नडचे दोनच शब्द कमावलेले, स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे बरं, तेही रिक्षात बसल्यावर नको त्या जागी वापरायचे.

तर हे आमचे संचालक. विद्यापीठातल्या सामाजिक मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेचे. प्रयोगशाळेला नाव दिलं होतं समाजशास्त्राच्या एका दिवंगत प्राध्यापकांचं. त्यांना सगळा कॅम्पस नुसतं 'सर' म्हणायचा. दारावर पितळी पाटी, आत सरांचा मोठा फोटो, फोटोला रोज मोगऱ्याचा गजरा. "मी सरांचा मानसपुत्र," हे संचालकांचं पालुपद. कुणीही पाहुणा आला की त्याला फोटोसमोर उभं करायचं आणि आवाज खाली आणून एक ठरलेली हकिगत सांगायची. "शेवटच्या तीन महिन्यांत मी सरांकडे अकरा वेळा गेलो. अकराही वेळा सर गाढ झोपलेले. दाराशी माझी चाहूल लागली की त्यांना विसावा मिळत असणार. मी पाय न वाजवता परत यायचो." पाहुणे मान हलवायचे. मी कॉम्प्युटरच्या पडद्यात तोंड घालून बसायची.

सरांना मी कधी पाहिलं नाही. ते गेल्यानंतर दोन वर्षांनी मी लागले. पण त्यांना ओळखते मात्र चांगली, कारण त्यांच्या एकतीस वह्या उतरवून काढायच्या म्हणूनच मला घेतलं होतं. सरांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरमध्ये राहिलेलं. घरात मराठी, शाळा कन्नड. त्यामुळे ते मराठी लिहायचे ते कन्नड लिपीत. आता पंचाईत बघा. तुमकूर अक्षरं घडाघडा वाचायचा, अर्थाच्या नावाने शून्य. संचालकांना अर्थ कळला असता, पण अक्षरं म्हणजे नुसती जिलबी. दोन्ही येणारं माणूस सीमाभागातच मिळणार. म्हणून मी.

काय वह्या होत्या त्या! सर आयुष्यभर बसस्टँडवर, दर्शिनीत म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, दवाखान्याच्या बाकांवर बसले आणि पाहिलेलं लिहीत गेले. "आज मल्लेश्वरमला दोघे अनोळखी एका टेबलापाशी उभे राहून इडली खात होते. एकाची चटणी संपली. दुसऱ्याने न बोलता आपली वाटी सरकवली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही." असं पानोपान. आणि नवव्या वहीत एक वाक्य होतं, "खोलीत कोंडलेलं माणूस फक्त खोलीबद्दल सांगतं." ते मी टाइप करून संचालकांसमोर ठेवलं. त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, "वा! म्हणजे खोलीचं महत्त्व सरांनी तेव्हाच ओळखलं होतं."

डोक्यावर हात मारून घ्यावा, दुसरं काय!

दर शुक्रवारी ते माझ्या टेबलाशी यायचे. पेन उघडायचे, मिटायचे, खिडकीबाहेर बघायचे. मग अगदी सहज आठवल्यासारखं, "निपाणी, माझा उल्लेख कुठे आला का हो?"

"अजून नाही, सर."

"येईल, येईल. सर फार संयमी लिहायचे."

चहावाला आला होता, बस कंडक्टर आला होता, कॅम्पसमधलं लंगडं कुत्रं तीन वह्यांत आलं होतं. मानसपुत्राचा पत्ता नव्हता. अठ्ठावीस वह्या झाल्या तरी नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, मला दर शुक्रवारी आतून गुदगुल्या व्हायच्या.

एकतिसावी वही माझ्याकडे नव्हती. ती दारातच काचेच्या पेटीत उघडी मांडून ठेवली होती. खाली पाटी, 'सरांची अखेरची टिपणे'. किल्ली संचालकांच्या खिशात. "शेवटची वही शेवटी," म्हणायचे. उघडं पान मात्र कुणालाही दिसायचं, आणि मला वाचता यायचं. पहिल्याच दिवशी मी वाचलं आणि त्यांना सांगितलं, "सर, यात लिहिलंय, कमरेला तेल लाव, स्वल्प कोमट कर, तू जेवलीस का?"

त्यांनी डोळे मिटले. "रूपक आहे," म्हणाले. पुढे त्या तीन ओळींवर त्यांनी एक निबंधही लिहिला. त्यात तेल म्हणजे समाजातल्या नात्यांचा ओलावा होता. कंबर म्हणजे काय होतं ते आता आठवत नाही.

खरी गोष्ट मला मल्लेश्वरमला कळली. वह्यांतले काही घरगुती शब्द अडले की मी सरांच्या पत्नीकडे जायची. त्यांना सगळे अक्का म्हणत. पंचाहत्तरीच्या, बुटक्या, तुरुतुरु चालणाऱ्या. शब्दाचा अर्थ नंतर, आधी ताटलीत कोडबळी, म्हणजे आपली कडबोळी. त्या म्हणाल्या, "अय्यो, ती टिपणं कुठली गं! गळ्याचं ऑपरेशन झाल्यावर यांचा आवाज गेला होता. तीन महिने माझ्याशी लिहून बोलत होते. ती आमच्या बोलण्याची वही. तेराव्याला तुझा साहेब ट्रंक न्यायला आला, मी कुठे शुद्धीत होते? त्या ट्रंकेत तीही गेली." मग पदराने हात पुसत त्या हळूच म्हणाल्या, "बाकीच्या तीस ठेवा तुम्ही, सरी. तेवढी एक मला दे गं आणून. घरात आवाज नाही बघ."

"बघते, अक्का," मी म्हटलं.

बघितलं काय, तर एकदा विषय काढला. संचालक म्हणाले, "रीतसर अर्ज करायला सांगा." अक्कांनी अर्ज केला. तो समितीकडे गेला. समितीत संचालक. त्यांनी अक्कांना फोनवर सांगितलं की वहीला आता नंबर पडलाय, ती राष्ट्रीय ठेवा आहे. अक्कांनी आणखी तीनदा फोन केला. मी आणखी काही केलं नाही. माझा करार दरवर्षी याच माणसाच्या सहीने वाढायचा, हे एक कारण. दुसरं कारण शोधतेय, सापडत नाही.

आता त्यांच्या पाडापाडीबद्दल सांगायलाच हवं. माणसं मदत करतात का, हा साहेबांचा जन्माचा विषय. त्यामुळे ते कॉरिडॉरमध्ये मुद्दाम पेन पाडायचे, फायली पाडायचे, एकदा तर डबा पाडला, आणि कोण किती सेकंदांत वाकतो ते स्टॉपवॉच लावून बघायचे आणि वर त्याच्याकडून फॉर्म भरून घ्यायचे. परिणाम असा झाला की आमच्या मजल्यावर पडलेली वस्तू कुणी उचलेनासं झालं. खरोखरची पडलेलीसुद्धा. मग एक दिवस साहेब स्वतःच ओल्या जिन्यावरून घसरले आणि पाय मोडून मधल्या पायरीवर पडले. हासन बाजूने गेला. तुमकूरने वरून वाकून विचारलं, "सर, फॉर्म नंतर भरला तर चालेल ना?" मी उतरत होते. त्यांनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं. मला वाटलं नेहमीचंच विचारतायत. मी म्हटलं, "चार, सर," आणि पुढे गेले.

शेवटी कुरिअरवाल्याने उचललं. बाहेरचा होता म्हणून.

दुसरा कुणी असता तर शहाणा झाला असता. हे प्लास्टर घालून आले आणि आम्हा तिघांकडून फॉर्म भरून घेतले.

मोठा प्रयोग असायचा वेटिंग रूममध्ये. दारावर पाटी 'वेटिंग रूम', पण वाट बघायची खोली ती नव्हेच, तीच प्रयोगाची खोली. भिंतीवर आरसा, आरशामागे साहेब. बोलावलेलं माणूस आपलं निवांत बसायचं. शेजारी आमचीच एक विद्यार्थिनी, ती थोड्या वेळाने रडायला लागायची, प्रमाणपत्रांची फाइल बसमध्ये राहिली म्हणून. सगळं नाटक. समोरच्याने मान वर केली नाही तर एक गुण. काय झालं विचारलं, पाणी दिलं, की गुण वाढत जायचे. आणि शेवटी स्पीकरवरून घोषणा, "तुमचा नंबर आलाय, आत्ता आला नाहीत तर संधी जाईल." त्या क्षणी स्वतःची संधी सोडून जो मुलीपाशी थांबेल त्याला सात.

सात कुणाला कधी मिळाले नव्हते. पाणी देणारे मिळायचे, पाठीवर हात ठेवणारेही, पण घोषणा झाली की पिशवी उचलून चालू लागायचे. आणि परदेशातल्या एका नियतकालिकाने साहेबांना विचारलं होतं, जी पायरी कुणी चढतच नाही ती मोजपट्टीवर कशाला? एक तरी सात दाखवा, नाहीतर लेख परत घ्या. त्या पत्राने साहेबांची झोप उडाली होती. दिवसाला चार-चार माणसं त्या खोलीत बसवत होते.

असाच एक मंगळवार. अठ्ठाविसाव्या वहीची पानं घेऊन मी आरशामागच्या खोलीत शिरले. दारावरचा लाल दिवा पेटलेला, म्हणजे प्रयोग चालू, तोंड उघडायचं नाही. साहेब काचेला नाक लावून बसले होते. मीही काचेतून पाहिलं. पलीकडे अक्का बसल्या होत्या.

मल्लेश्वरमहून मेट्रो आणि मग दोन बस बदलून त्या वही मागायला आल्या होत्या. हासनला विचारलं, संचालक कुठे भेटतील. हासनने वय बघितलं, प्रयोगाला बोलावलेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या यादीतल्या असतील म्हणून सरळ वेटिंग रूम दाखवली. आणि आमच्या मानसपुत्राने, ज्याने त्यांच्या हातची कॉफी वर्षानुवर्षं ढोसली, त्यांना ओळखलं नव्हतं. ओळखणार कसा? त्यांच्याकडे त्याने दार उघडणारं माणूस म्हणूनच पाहिलं होतं. दार उघडल्यावर नजर थेट आतल्या खोलीकडे.

मी बोलायला हवं होतं. लाल दिव्याची भीती, कराराची भीती, सवयीची भीती, काय म्हणाल ते म्हणा. मी बारा मिनिटं गप्प उभी राहिले. याची लाज मला अजून वाटते.

मुलीने रडायला सुरुवात केली. ती रायचूरकडची, पहिल्यांदाच घर सोडून आलेली. अक्कांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि सरळ उठून शेजारी जाऊन बसल्या. कन्नडमधून विचारलं, ऊट झालं का तुझं, जेवलीस का? मुलीला याचं उत्तर पाठ करून दिलेलं नव्हतं. ती म्हणाली, नाही. अक्कांनी पिशवीतून कोडबळी काढून तिच्या हातावर ठेवली, पदराने तिचं नाक पुसलं, आणि म्हणाल्या, कागद गेले तर परत मिळतात गं, तू कशाला आटतेस. आता ती पोर जे रडायला लागली ते नाटकातलं नव्हतं.

साहेबांनी घोषणेचं बटण दाबलं. "तुमचा नंबर आलाय. आत्ता आला नाहीत तर संधी जाईल."

अक्कांनी स्पीकरकडे मान वळवली. ज्या कामासाठी दीड वर्ष फोन केले, ते काम त्या दाराआड होतं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गेली तर. ही पोर रडतेय, दिसत नाही काय?"

"सात!" साहेब खुर्चीतून उठलेच. "निपाणी, सात! माझा सात!" डोळ्यांत पाणी होतं हो माणसाच्या.

"सर," मी म्हटलं, "त्या अक्का आहेत."

"कोण अक्का?"

"सरांच्या. वहीसाठी आल्यात."

ते काचेतून नीट बघू लागले. बहुधा पहिल्यांदाच. मला वाटलं आता तरी खजील होईल हा. तर म्हणतात, "संमतिपत्र आणा. पटकन."

यात एक गोम होती. माणसाला न सांगता त्याच्यावर प्रयोग केला, तर शेवटी सगळं उघड करून त्याची सही घ्यावी लागते. सही नाही दिली तर चित्रीकरण पुसून टाकायचं. हा एक नियम साहेब कधी मोडायचे नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने सांगते. तर ते फॉर्म घेऊन आत गेले, मागे मी.

"अरे, तू होय तो स्पीकरवरचा!" अक्का म्हणाल्या. "वाळलास की रे."

साहेबांनी त्यांना प्रयोग समजावून सांगितला. अक्कांनी शांतपणे ऐकलं. मुलीकडे बघून विचारलं, "म्हणजे तुझी फाइल आहे ना?" तिने मान डोलावली. "बरं झालं," अक्का म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावले मी, चार वर्षांत पहिल्यांदा उघड. म्हटलं, "अक्का, सही देऊ नका. आधी वही मागा."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की माझा करार तिथेच संपला हे मला कळलं. पण अक्कांना मुद्दा पटला. "सरी," त्या म्हणाल्या, "वही दे, सही देते."

तो राष्ट्रीय ठेवा! सरांची अखेरची टिपणे! मी मनात मोजत होते. साहेबांनी पाचव्या सेकंदाला खिशातून किल्ली काढली.

पेटी उघडली. वही हातात घेऊन मात्र ते थांबले. "एक अट आहे, अक्का. यात माझा उल्लेख असेल तर मला वाचून दाखवायचा. बाकी कुठल्याच वहीत..."

अक्कांनी वही घेतली. त्यांना शोधावं लागलंच नाही, हात आपोआप त्या पानावर गेला. मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. पान स्वच्छ दिसत होतं. सरांचं तेच बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. 'मोजणारा आलाय. सांग, मी झोपलोय.' दोन पानं उलटली. 'परत मोजणारा? झोपलोय म्हण.' पुढे आणखी. 'बघ, गेला का?'

"तुला हे 'मोजणारा' म्हणायचे," अक्का म्हणाल्या. मग पानं मागे उलटून, बोट त्या पहिल्या ओळीवर ठेवून, एकेक अक्षर लावत वाचल्यासारखं त्या म्हणाल्या, "मोजणारा आला तर... त्याला जेवल्याशिवाय... सोडू नकोस."

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. "मोजणारा," ते पुटपुटले. मग माझ्याकडे वळले. "निपाणी. बरोबर वाचलं ना त्यांनी?"

चार वर्षं. चार वर्षं दर शुक्रवारी मी याच क्षणाची वाट बघत होते. खरी ओळ माझ्या जिभेवर होती, नुसते ओठ उघडायचे बाकी होते. अक्का माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. वही रुमालात गुंडाळत होत्या, गाठ मारत होत्या.

"बरोबर, सर," मी म्हटलं.

खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले तेव्हा मी चिडून विचारलं, "कशाला वाचवलंत त्याला?" त्या म्हणाल्या, "त्या दारात अकरा वेळा खोटं बोललेय बाई मी. बारावं काय जड आहे? आणि वही मिळाली की." रुमाल छातीशी धरून त्या रिक्षात बसल्या. मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

करार अर्थातच वाढला नाही. हल्ली मी बेळ्ळंदूरला एका कंपनीत भाषांतरं तपासते. तिथे कशी आहेस म्हणून कुणीच विचारत नाही. मागे प्रमाणपत्र आणायला विद्यापीठात गेले होते. काचेच्या पेटीत आता बारावी वही आहे, पाटी तीच. आणि सरांच्या फोटोखाली पितळेत कोरलंय, 'मोजणारा आला तर त्याला जेवल्याशिवाय सोडू नकोस.' पाहुण्यांना त्यासमोर उभं करतात म्हणे.

परवा अक्कांचा फोन आला. "अगं, तुझा साहेब दर रविवारी येतो बघ. सरांची इच्छा म्हणतो आणि पाटावर बसतो. सांबार वाढलं की सहा म्हणतो, कोशिंबिरीला पाच. मी जेवायचं की याचे आकडे ऐकायचे?"

मी हसून हसून बेजार. "मग काल रविवारी आले होते?"

"आला की. बेल वाजली. मी वही घेऊन बसले होते." त्यांचा आवाज एकदम खाली आला, जणू तो अजून दारातच उभा होता. "शेजारणीला म्हटलं, जा बाई, सांग त्याला, अक्का झोपल्यात."